गोळी सुटू द्यायची नाही: जिस्टवरची इमॅटिनिब घरी कशी सांभाळायची

2017 सालचा चैत्र. तेव्हा मी इंदूरला रामबागेत घरून डबे देत होते, रोजचे सोळा. एका सकाळी पोळ्या लाटताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्याला धरून खाली बसले. त्याआधी तीन आठवडे शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांचंच असेल म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. हिमोग्लोबिन निघालं 6.2. एंडोस्कोपीत जठराच्या भिंतीत गाठ दिसली आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतावर तीन डाग.

आजाराचं पूर्ण नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे जठर-आतड्याच्या भिंतीत उठणारा एक कॅन्सर. सगळे त्याला जिस्ट म्हणतात. तेव्हापासून मी रोज त्यावरची इमॅटिनिबची एक गोळी घेते. आजार फार थोड्यांना होतो, त्यामुळे कुणाला निघाला की ओळखीच्या ओळखीतून माझा नंबर शोधला जातो. उज्जैन, देवास, धार, कुठून कुठून फोन येतात. मला प्रत्येकाला एकच गोष्ट कळकळीने सांगायची असते: ही गोळी सुटू द्यायची नाही. ती विसरल्यामुळे फार क्वचित सुटते. मळमळ, सुजलेले डोळे, पैसे, घाबरवणारा रिपोर्ट, "आता बरं वाटतंय ना, मग कशाला" म्हणणारे नातेवाईक, या सगळ्यांमुळे सुटते. त्यातल्या एकेकाचं काय करायचं ते इथे लिहिते. डोस ठरवणं आणि बदलणं डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही.

आधी गाठीचं नाव पक्कं करून घ्या

माझ्या पहिल्या बायोप्सीच्या रिपोर्टात नुसतं "स्पिंडल सेल ट्यूमर", म्हणजे लांबट पेशींची गाठ, एवढंच लिहिलं होतं. तेवढ्यावर मला सलाइनमधून द्यायची नेहमीची केमो सांगण्यात आली, तारीखसुद्धा मिळाली. जिस्टवर त्या केमोचा जवळजवळ काही उपयोग होत नाही, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. माझ्या धाकट्या दिराने विचारलं, "वहिनी, दुसरीकडे एकदा दाखवायला काय हरकत आहे?" त्या एका प्रश्नाने मी वाचले.

बायोप्सीच्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणून तपासणी होते. त्यात सीडी 117 आणि डॉग 1 हे दोन मार्कर, म्हणजे गाठीच्या पेशींवरची ओळखीची प्रथिनं, रंग देऊन पाहतात. जिस्टमध्ये ते बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतात. तुमच्या रिपोर्टात हे दोन शब्द नसतील तर पुढचं काहीही ठरवण्याआधी ते का नाहीत हे विचारा. त्यासाठी पुन्हा पोटात सुई घालावी लागतेच असं नाही. पहिल्या बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. अर्ज देऊन तो मागता येतो. आमच्या मुलाने तो आणला तेव्हा मी हातात घेऊन पाहिला. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेली मेणाची वडी, आणि तिच्यात तांदळाच्या कणीएवढा करडा ठिपका. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या कणीवर ठरायचं होतं. मुलाने तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स रुमालात गुंडाळून, शर्टाच्या आत ठेवून, अवंतिका एक्सप्रेसने परळला टाटा मेमोरियलमध्ये नेल्या. (उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत वगैरे ठेवू नका, मेण वितळतं.)

नाव पक्कं झालं की आणखी एक तपासणी: म्युटेशन, म्हणजे गाठीच्या जनुकात नेमका कुठला बिघाड आहे ते. आतड्याच्या भिंतीत काहाल नावाच्या पेशी असतात, आतडं ठेक्यात हलवण्याचं काम त्यांचं. जिस्ट त्या पेशींशी नातं असलेल्या पेशींतून उठतो. बहुतेक रुग्णांत किट नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे पेशीला "वाढ, वाढ" असा हुकूम सारखा जात राहतो. गॅसच्या शेगडीचं बटण अडकावं आणि ज्योत बंदच होऊ नये, तसं. इमॅटिनिब ते बटण दाबून धरते. बिघाड दुरुस्त करत नाही, फक्त दाबून धरते.

पण बिघाड जनुकाच्या कुठल्या भागात आहे त्यावर हिशेब बदलतो. एक्झॉन 11 मध्ये असेल, माझा तिथेच आहे, तर रोज 400 मिलिग्रॅम आणि गुण सहसा चांगला. एक्झॉन 9 मध्ये असेल तर डॉक्टर बहुधा 800 पर्यंत नेतात. काहींमध्ये किटऐवजी पीडीजीएफआरए या जनुकात डी 842 व्ही नावाचा बदल निघतो. त्यावर इमॅटिनिब चालतच नाही, त्यासाठी ॲव्हाप्रिटिनिब हे वेगळं औषध आहे. म्हणून मी फोन करणाऱ्याला पहिलं विचारते, "म्युटेशनचा रिपोर्ट आला का?" नसेल आला तर दोन महिने गोळी घेऊन "गुण येत नाही" म्हणून रडायला बसण्यात अर्थ नाही.

किती दिवस घ्यायची, हेही पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्या, कारण दोन प्रकारच्या रुग्णांना दोन वेगळी उत्तरं आहेत. गाठ ऑपरेशनने पूर्ण निघाली असेल आणि परत येण्याचा धोका जास्त असेल, तर साधारण तीन वर्षं देतात. एक वर्षापेक्षा तीन वर्षं चांगली, हे फिनलंड-जर्मनीतल्या अभ्यासातून 2012 साली पुढे आलं. माझ्यासारखा आजार पसरलेला असेल तर गोळी काम करतेय तोवर चालूच. शेजारच्या बाईंची तीन वर्षांनी थांबली म्हणून आपलीही थांबवायची, असं होत नाही.

जेवणाच्या मध्ये

पहिल्या आठवड्यात मी गोळी सकाळी चहा-टोस्टवर घेतली. तासाभरात सगळं बाहेर. तीन दिवस असंच झालं आणि मला खरंच वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही.

गोळी दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची असते. "जेवल्यावर" हा शब्द मला पुरला नाही. मी जेवणाच्या मध्ये घेते. रात्री साडेआठला बसते, दीड पोळी आणि भाजी पोटात गेली की गोळी, वर पूर्ण ग्लास पाणी, मग उरलेली अर्धी पोळी आणि वरणभात. गोळी अन्नाच्या दोन थरांमध्ये बसते. त्यानंतर तास-दीड तास आडवं व्हायचं नाही, मी तेव्हा दुसऱ्या दिवशीची भाजी निवडते. हे सुरू केलं त्या दिवसापासून उलटी थांबली, मळमळ दोन महिन्यांत गेली.

संकष्टीला चंद्रोदयानंतरच्या जेवणात घेते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन घेते. निर्जळी उपास मी सोडले, आणि घरात कुणाला त्याचं वाईट वाटू दिलं नाही.

गिळता येत नसेल तर 400 ची गोळी ग्लासभर पाण्यात, साधारण 200 मिली, टाकून चमच्याने ढवळायची, विरघळली की लगेच प्यायची. ग्लासात पुन्हा थोडं पाणी घालून तेही प्यायचं. मात्र गोळीची पूड हाताने करायची नाही, आणि घरात गरोदर सून-मुलगी असेल तर तिला हे काम मुळीच द्यायचं नाही. बाईचं वय मूल होण्याचं असेल तर गोळी चालू असताना दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावी लागते. डॉक्टरांशी हे लाजेपायी बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

एखाद्या रात्री राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. घेऊन उलटी झाली तरी मनाने दुसरी घ्यायची नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी रोज रात्री तारखेच्या कोपऱ्यात बारीकशी बरोबरची खूण करते. "घेतली का नाही" या शंकेने रात्री बारा वाजता दुसरी घेण्याची पाळी येत नाही. पट्ट्या शेगडीजवळ किंवा खिडकीत ठेवायच्या नाहीत. आपल्याकडचा मे महिना माहीत आहे. कोरडं, सावलीतलं कपाट पुरे, फ्रीज लागत नाही.

सूज, पेटके आणि माझी चूक

डोळ्यांभोवतीची सूज पुष्कळांना येते. सकाळी सगळ्यात जास्त, दुपारपर्यंत उतरते. मीठ कमी केलं, पापड-लोणचं ताटातून काढलं, उशी उंच घेतली, थंड पाण्याचा फडका दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवला, की फरक पडतो. वजन दर रविवारी त्याच काट्यावर करा. आठवड्यात दोन किलो वाढलं, पाय सुजले तर डॉक्टरांना फोन. दम लागत असेल तर फोनवर थांबू नका, गाडी काढा.

पोटरीत आणि बोटांत पेटके येतात. लाटणं धरलेला हात तसाच आखडून बसायचा, दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडावं लागायचं. पाणी वाढवलं, रक्तातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासून घेतलं, झोपण्याआधी पाऊल वर ओढून पोटरी ताणते. पूर्ण गेले नाहीत, पण झोपमोड होत नाही. पोट बिघडतं तेव्हा ताक-भात. शेव आणि जिरावण घातलेले पोहे मी महिन्यातून एकदा खाते, तेही घरचे. रक्त आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला सारख्या होतात, मग तीन महिन्यांनी. अंगावर पुरळ पसरलं, डोळे पिवळे दिसले, ताप आला तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

आता चूक. 2019 च्या वैशाखात मुलाचं लग्न होतं. दोन वर्षं गोळी छान चालली होती, डाग आकसले होते, मी पुन्हा दहा डबे करत होते. फक्त चेहरा. आरशात मला माझे डोळे दिसायचे नाहीत, नुसत्या पापण्या दिसायच्या. फोटोत, व्याह्यांसमोर, सूनमुख पाहताना मला माझा चेहरा हवा होता. मी कुणाला न सांगता गोळी बंद केली. अडतीस दिवस. कालनिर्णयवर खुणा मात्र करत राहिले, कारण हे तिकडे नजर टाकायचे.

सूज उतरली. फोटो छान आले. जुलैच्या स्कॅनमध्ये यकृतावरचा मोठा डाग 2.1 सेंटिमीटरवरून 3.4 वर गेला होता आणि शेजारी एक नवीन होता. परळचे डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही स्कॅन पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, "काकू, मध्ये काय झालं?" मी सांगितलं तेव्हा हे माझ्याकडे बघत होते.

गोळी पुन्हा सुरू केली, सहा-सात महिन्यांत डाग परत आवरले. ते माझं नशीब. फ्रान्समध्ये डॉक्टरांनी आजार ताब्यात असलेल्या रुग्णांची गोळी एक, तीन आणि पाच वर्षांनी थांबवून पाहिली होती. बहुतेकांचा आजार पुन्हा वाढायला लागला. हे मला आधी ठाऊक असतं तर मी डॉक्टरांना सरळ विचारलं असतं, "लग्न आहे, सूज कमी करायला काही द्याल का?" पाणी उतरवणारी गोळी देता येते, डोसमध्ये बदल करता येतो, त्यांच्या देखरेखीखाली मध्ये थोडे दिवस थांबवताही येतं. सोसत नसेल तर सांगा. सोसत नाही हे सांगायला लाजून मनाने सोडू नका.

रिपोर्टमध्ये "वाढ" लिहिलं असेल तर

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण चालू असलेलं, लागू पडलेलं औषध लोक इथे सोडतात.

माझं पहिलं स्कॅन तीन महिन्यांनी झालं. इथल्याच एका सेंटरवरून रिपोर्ट आला: जठराची गाठ 8.6 सेंटिमीटरची 9.1 झाली, आकार वाढला आहे. घरात रडारड झाली. नणंद म्हणाली, "वहिनी, बंद कर ते विष, नाशिकचे एक वैद्य आहेत." मी दोन रात्री झोपले नाही. पण परळची तारीख चार दिवसांवर होती, म्हणून गोळी घेत राहिले.

तिथे डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला आणि स्कॅनची सीडी कॉम्प्युटरवर लावली. गाठीवर माउसने छोटा गोल काढला, की कोपऱ्यात आकडा उमटला: 31. मग तीन महिन्यांपूर्वीच्या चित्रावर तसाच गोल, तिथे 68. गाठ किती घट्ट आहे, त्याचा तो आकडा. जुन्या चित्रात गाठ आतून पांढरट, खडबडीत होती. नव्यात सगळीकडे सारखी करडी, पिकून पाणी झालेल्या फळासारखी. "आतल्या पेशी मरतायत," ते म्हणाले, "मरताना गाठ कधी कधी थोडी फुगते. औषध लागू पडलंय."

जिस्टमध्ये नुसत्या सेंटिमीटरवर जायचं नसतं. चोई यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष आहेत: आकार 10 टक्के कमी झाला किंवा ही घनता 15 टक्के कमी झाली, तरी गुण आला असं धरतात. तेव्हा तुम्ही एवढं करा. स्कॅन शक्यतो दर वेळी एकाच सेंटरवर, कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन, म्हणजे गाठ नीट दिसते) करा. रिपोर्टबरोबर सीडी मागूनच घ्या, जुन्या सीडीही फेकू नका. अर्जावर "जिस्ट, इमॅटिनिब चालू, कधीपासून" हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्याला काय बघायचं ते कळतं. आणि "वाढ" हा शब्द वाचलात तरी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी चित्र पाहीपर्यंत गोळी चालू ठेवा.

पैसे

आपल्या देशात ही गोळी परवडते यामागे मोठी लढाई आहे. मूळ कंपनीची गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास पडायची, तेव्हा भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळत होती. मूळ कंपनीने मागितलेलं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारलं, त्यामुळे ती स्वस्त गोळी टिकली. आता इमॅटिनिब सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

तरी भाव दुकानागणिक वेगळा. माझी पर्ची घेऊन हे दवा बाजारात चार दुकानं फिरले, त्याच ताकदीच्या गोळीच्या भावात दुपटीहून जास्त फरक निघाला. पर्चीवर औषधाचं मूळ नाव, इमॅटिनिब, लिहून घ्या. पक्कं बिल घ्या, पट्टीवरचा बॅच नंबर आणि मुदत बघा, बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कंपनी बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आयुष्मान कार्ड असेल तर ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथल्या आयुष्मान मित्राला विचारा की या गोळीचं पॅकेज लागू होतं का. आणि शेवटची पट्टी फोडली की नवीन आणायची, संपल्यावर नाही. माझ्या कपाटात नेहमी पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या असतात. कोविडच्या टाळेबंदीत त्यांनीच मला तारलं.

दुसरी औषधं

कुठलंही नवीन औषध सुरू होताना, दाताचं असो की तापाचं, "मी इमॅटिनिब घेते" हे वाक्य आधी बोलायचं. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळीची ताकद मोडतात. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं कीटोकोनाझोल तिला अंगात जास्त साठू देतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनशी तिचं जमत नाही. थायरॉइड काढलेलं असेल तर थायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागू शकतो. ग्रेपफ्रूट टाळायचं, आपलं पपनस, इंदुरात ज्याला चकोतरा म्हणतात, त्याच जातीतलं, म्हणून मी तेही खात नाही. काढे आणि पुड्यांबद्दल मी भांडत नाही, पण डॉक्टरांना पुडी दाखवल्याशिवाय घेत नाही.

कधीतरी इमॅटिनिब पुरेनाशी होते, बिघाडात नवा बिघाड होतो. तेव्हाही रस्ता संपत नाही. डोस वाढवून पाहतात, मग सुनिटिनिब, त्यानंतर रेगोराफेनिब, त्यानंतर 2020 साली आलेलं रिप्रेटिनिब. 2000 सालच्या मार्चमध्ये हेलसिंकीत एका बाईला जिस्टसाठी इमॅटिनिब पहिल्यांदा दिली, त्याआधी पसरलेल्या जिस्टवर चालणारं एकही औषध नव्हतं. वीस वर्षांत पाच, वर सांगितलेलं ॲव्हाप्रिटिनिब धरून.

माझी निळी फाइल देवघराच्या खालच्या कप्प्यात असते. सगळ्यात वर एक कागद, मोठ्या अक्षरात: आजाराचं नाव, एक्झॉन 11, इमॅटिनिब 400, कधीपासून, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर. सूनबाईंना ती कुठे आहे हे पाठ आहे. शौचाला पुन्हा काळं झालं, रक्ताची उलटी झाली, पोटात अचानक कळ येऊन पोट लाकडासारखं कडक झालं, तर माझी परवानगी न विचारता मला उचलायचं, फाइल घ्यायची आणि जवळच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठायची. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य: "जिस्ट आहे, आतून रक्तस्राव होत असेल."